काच खरवडायची काठी

विकतची वस्तू घरात आली की आमच्या ह्यांना कमीपणा वाटायचा. नळाचा वायसर सायकलच्या ट्यूबमधून कापणार, चपलेचा अंगठा तारेने शिवणार. मासे पाळायचं वेड लागलं तेव्हाही तेच. त्यातही गोड्या पाण्यातले नकोत, समुद्रातलेच हवेत! चारकोपच्या आमच्या खोलीत काचेची पेटी आली, मार्वेहून कॅन भरभरून खारं पाणी आलं, आणि तिथल्याच खडकावरचं एक समुद्रफूल.

फूल म्हणायचं, पण तो प्राणीच. चिमट्यात कोलंबीचा तुकडा धरून पुढे केला की पाकळ्या मिटून ओढून घ्यायचा. ते काम माझं. ह्यांचं पान वाढायच्या आधी मी त्याला भरवायची. सासूबाई हसायच्या, पण माझा जीवच जडला होता त्याच्यावर.

काचेवर मात्र सारखं हिरवं शेवाळ धरायचं. मी म्हटलं, अंधेरीच्या दुकानात घासणी मिळते, ती आणा.

"पैसे वर आलेत काय? घरी करतो ना!"

बांबूच्या पट्टीला दाढीचं अर्धं ब्लेड सुतळीने बांधलं. सुतळी कुजली. मग लोखंडी तार बांधली, ती गंजली. ब्लेड दोनदा वाळूत पडलं आणि दोन्ही वेळा ते शोधताना माझीच बोटं कापली. माझं डोकं फिरायची वेळ आली.

तेव्हा सासूबाईंनी तोड काढली. "अरे, तांब्याची तार बांध. तांब्यान पाणी शुद्ध व्हता. आपण तांब्यातला पाणी पितंव मा?"

आम्हा तिघांनाही ते पटलं. ह्यांनी विजेची वायर सोलून तार काढली, सासूबाईंनी ती देवाच्या भांड्यांसारखी चिंचेने लखलखीत केली. काठी झकास झाली. हाताशी असावी म्हणून हे ती पेटीतच उभी करून ठेवू लागले.

आणि समुद्रफूल मिटू लागलं. कोलंबी पुढे केली तरी हलेना. ह्यांचं म्हणणं, पाणी घाण झालंय. ते जितकं आक्रसायचं तितकी हे काच खरवडायचे. मी ओरडले, रडले, पण ऐकतो कोण? शेवटी एकटीच अंधेरीचं दुकान गाठलं.

दुकानदाराने पहिलंच विचारलं, "पाण्यात तांबं-बिंबं नाही ना, बाई? खाऱ्या पाण्यात ते उतरतं. मासे एक वेळ तग धरतील, समुद्रफूल नाही धरणार."

धावतपळत घरी आले. हे काठी घेऊन पेटीपुढेच उभे. "बघ, काच कशी चकाचक केली!"

काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. समुद्रफूल दगडावरून सुटून वाळूत उलटं पडलं होतं.

मी ती काठी हिसकून मोडली. हे समजूत घालायला म्हणाले, "अगं, रडतेस काय? दुसरं आणू की. मार्वेला खडकांवर ढिगाने आहेत."

असतील ढिगाने. माझ्या हातून खाणारं एवढं एकच होतं.