चौथ्या अध्यायाच्या दोन प्रती

"वही वाचलीसा का?"

आपण संगणकाला हात लावायच्या आधी ते हे विचारणारच. तेही चिडून. उत्तर ऐकायच्या आधीच चिडून.

सांगलीतल्या आमच्या टायपिंग-छपाईच्या दुकानात ते माझे वरिष्ठ होते. आष्ट्याचे, सैन्यातून निवृत्त झालेले कारकून. फायली उघडण्याचीसुद्धा त्यांची कवायत असे. त्या काळी, नव्वदच्या दशकात, जाडजूड पुस्तक एका फायलीत मावत नसे. अध्याय वेगवेगळे, आणि एक मुख्य फाईल त्या सगळ्यांना जोडून पानांचे आकडे लावी. संध्याकाळी काय काय उघडं होतं, संगणकातल्या कुठल्या कप्प्यातलं, खरी प्रत कोणती, हे सगळं ते दोनशे पानी वहीत लिहीत आणि सकाळी त्याच क्रमानं उघडत. कुणी फाईल जागची हलवली की टेबलावर हात आपटत. "जोडल्याली फाईल हाय ती. जागा सोडली तर तिला हुडकत कोण फिरणार?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि हसलाही असाल. मी तर हसण्यात पटाईत. तेव्हा पस्तिशीची, संगणकाचा कोर्स केलेली, प्रमाणपत्र घरी काचेत लावलेलं. नात विचारते, आजी, तू तेव्हा हुशार होतीस का? भारी शहाणी होते, बाळ.

मिरजेच्या एका प्राध्यापिका मॅडमचा तंबोरे करणाऱ्या कारागिरांवरचा प्रबंध आमच्याकडे आला होता. नऊ अध्याय, शुक्रवारी दुपारी विद्यापीठात द्यायचा. बुधवारी ते जरा लवकर गेले. म्हटलं, चला, या पसाऱ्याला वळण लावू. नवा कप्पा केला, अध्याय त्यात हलवले, एक ते नऊ अशी नावं दिली. चौथ्याच्या दोन प्रती दिसल्या, त्यातली एक पुसून टाकली. वही शेजारीच होती. उघडली नाही.

गुरुवारी मुख्य फाईल उघडली तर तिला एकही अध्याय सापडेना. शोधून काढले, तर चौथा निघाला जुना. मॅडमनी महिनाभर केलेल्या दुरुस्त्या गेल्या होत्या. फ्लॉपीवरही जुनाच.

मालक आले. मशीन तुमच्या ताब्यात, जबाबदार तुम्हीच, असं सगळ्यांदेखत माझ्या वरिष्ठांना बोलले. त्यांनी वही पुढं केली. "मी जसं लिवलंय तसंच ठिवून गेलो. हितं बघा तरी."

मालकांनी वही बाजूला सारली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "मला काय माहीत? मी फक्त टाईप करते."

पस्तिशीतल्या त्या बयेची गाठ आज पडली तर कानाखाली दोन देईन. मालकालाही एक.

हे काम संपवा आणि त्यानंतर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. मॅडमच्या कागदांवरच्या लाल खुणा बघून त्यांनी चौथा अध्याय पुन्हा बसवला, नऊच्या नऊ परत जोडले. मला मदतीला बोलावलं नाही. शुक्रवारी अकराला छपाई झाली. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, कवा बोलणार हुता?"

मी प्रिंटरमध्ये कागद भरत होते. भरतच राहिले.

सोमवारी मॅडम साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आल्या. ज्यांनी प्रबंध वाचवला ते कुठे, म्हणाल्या. त्यांनी काम सोडलं, असं मालक म्हणाले. मॅडमनी माझ्या हातावर एक पेढा ठेवला, मग त्यांच्या वाटचाही ठेवला. भेटले की द्या म्हणाल्या.

त्यांच्या आष्ट्याला गाड्या काय, दिवसभर होत्या.

दोन्ही पेढे मी दुपारच्या चहाबरोबर खाल्ले. चांगले होते.