बर्फात ठेवलेल्या प्लेटलेट्स

हडपसरला आयटी पार्क आलं, मागोमाग इमारती आल्या. आमच्या रुग्णालयात रक्तपेढी मात्र आली नव्हती. रक्त आणायला पार पुणे शहरातच जावं लागे. मी तिथे भूलतज्ज्ञ होते आणि या गोष्टीवर भांडून थकले होते.

त्या सकाळी आलेली बाई अकोल्याकडची, नवऱ्यासारखीच संगणकाच्या नोकरीतली. बाळाला पोसणारी वार आधीच सुटली होती, बाळ पोटातच गेलं होतं. बाळंतपण उरकलं, पण रक्त थांबेना. सुई टोचलेल्या जागांतूनही झिरपायला लागलं, तेव्हा मी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, रक्त आतल्या आत गोठतंय.

"पण मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, रक्त गोठतंय?" नवऱ्याने विचारलं. "मग ब्लीडिंग कसं?"

"महिन्याचं वाणसामान एकाच पंगतीत संपावं, तसं झालंय. रक्त गोठवणारा ऐवज नको तिथे, बारीक नसांमध्ये गोठण्यात संपला. हवा तिथे उरलाच नाही. आता तो बाहेरून भरायचा."

दोघांच्या घरची माणसं अजून वाटेत, गाडीत होती. आलं ते त्यांचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्रं अडकवून. नातेवाइकांशी हुज्जत घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. या मुलांनी मुकाट्याने कामं वाटून घेतली. कोणी रक्त दिलं, कोणी नमुने पोचवले. एकाने मोटारसायकलवरून गोठवलेला प्लाझ्मा आणला, बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात, चोख. रक्तस्राव थोडा मंदावला. आम्हाला आशा वाटली.

मग तो प्लेटलेट्स आणायला गेला. त्या नेहमीच्या खोलीसारख्या उबेतच ठेवायच्या असतात. रक्तपेढीत तसं सांगितलंही होतं म्हणे. पण बाहेर ऊन रणरणत होतं, सोलापूर रस्ता तुंबलेला. त्याला राहवेना. वाटेत रसवंतीवर थांबून त्याने डबा बर्फाने गच्च भरला. गारठलेल्या पिशव्या चढवायच्या नाहीत, असा नियम. मी त्या बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्याला पिटाळलं.

तो परतायच्या आत ती गेली.

मी बाहेर येऊन सांगितलं. मोटारसायकलवाला पुढे आला.

"मॅडम, बर्फामुळे का?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी दोघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "नाही" म्हणाले.

खरं काय ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही.