छिउ-बीच्या लाल काठ्या

छिउ-बीला एका जागी बसता येत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सूप यायच्या आत ती दोनदा बाहेर जाऊन येते. तिच्या पायाला भिंगरी आहे असं सगळी गल्ली म्हणते. तिचा नवरा चुलीवरचा भात ढवळत म्हणतो, "भिंगरी तरी कधीतरी थांबते."

आमच्या गुआनत्येन गावाकडे नजर जाईल तिथवर शिंगाड्याची तळी. कमळपक्षी त्या वेलींवरच अंडी घालतो. म्हणजे मादी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं पहिल्याच्या गळ्यात. आमच्या बायकांना हा पक्षी उगाच नाही आवडत. मध्यंतरी तो इथून जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा कुठे गावाचे डोळे उघडले. आता ज्याला पक्षी दिसेल त्याने फोनवरच्या गटात कळवायचं आणि घरटं असेल तर छिउ-बीने जाऊन खात्री करायची. ती घरट्याशेजारी बांबूची काठी रोवते आणि तिला लाल फडकं बांधते. तोडणीच्या बायका ते फडकं दिसलं की होडी वळवतात. कल्पना तिचीच, आणि तिला तिचा अभिमानही आहे. का नसावा?

यंदा तोडणीच्या तोंडावरच पाऊस लागून राहिला. उघडला त्या सकाळी मी अजून दात घासत होते, तर ही दारात. स्कूटर काढ म्हणाली. खून-सानच्या तळ्यावर तोडणी लागलीय आणि तिथे चार अंडी आहेत. मी म्हटलं, काठी आहे ना तिथे? तर म्हणे, आहे, पण मला घरात करमत नाहीये.

तळ्यावर बायका छोट्या होड्यांत ओणव्या बसून भराभर वेली उलट्या करत होत्या, खालचे शिंगाडे खुडत होत्या. काठीभोवतीचा गोल मात्र कोणी शिवलेला नव्हता. खून-सान बांधावरून कौतुकाने म्हणाला, "बघ वहिनी, तुझा पक्षी जावयासारखा ठेवलाय."

छिउ-बीने दुर्बीण लावली आणि तिचा चेहरा उतरला. गोलात घरटं होतं, अंडी नव्हती. नर तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, होड्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होता. पाणी चढलं तसा तो अंडी चोचीने ओढत कोरड्या पानांवर घेऊन गेला होता. तो असं करतो, हे आम्ही म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं होतं. काठी रोवताना कोणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही.

तिने हात उंचावून तोडणी थांबवली. खून-सान भडकला. जून शिंगाडे देठातून सुटून चिखलात चालले होते, आणि या बायका उद्या दुसऱ्याच्या तळ्यावर जाणार.

"बरं, अंडी कुठायत तेवढं सांग. तेवढी जागा सोडतो."

"मला माहीत नाही," छिउ-बी म्हणाली.

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला भीती वाटली.

आता पक्षी स्वतः बसेल तेव्हाच कळणार. बायका होत्या तशा होड्यांत गप्प झाल्या. नर खाली यायचा आणि पाय टेकता टेकता पुन्हा उडायचा. छिउ-बी बांधावर इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होती.

"वहिनी," खून-सान हळूच म्हणाला, "तो आम्हाला नाही भीत. तुला भितोय. बस खाली."

ती बसली. मी तिचा दंड धरून ठेवला होता. दुसऱ्या हाताने ती बांधावरचं गवत उपटत राहिली.

नर उतरला. लांब बोटं टाकत मुई मावशीच्या होडीपाशी गेला आणि बसला, तिचा हात पोचेल इतक्या जवळ. मग उठला, उलट्या पडलेल्या वेलीत चोच खुपसली, पुन्हा बसला. पुन्हा उठला.

"दोन आहेत," मुई मावशी म्हणाली. मग उलट्या वेलीकडे बघत, "दोन माझ्या हातून गेली गं. काठी तिकडे होती."

"तुझ्या हातून नाही, मावशी," छिउ-बी म्हणाली.

खून-सानने होड्या दुसऱ्या बाजूला वळवायला सांगितल्या. निम्मं तळं त्याने सोडून दिलं. छिउ-बी फोनवर लिहीत होती: खून-सानचं तळं, दोन अंडी गेली, काठी चुकीच्या जागी. त्याने वाकून वाचलं.

"पावसाने गेली असं लिही की. पाऊस काय तुझ्याशी भांडायला येणार आहे?"

"फडकं पावसाने नाही बांधलं."

त्याने थंड चहाचा पेला पुढे केला, आता तरी घडीभर टेक म्हणाला. ती आधीच उठली होती.

"पाऊस काय एकट्या तुझ्याच तळ्यात पडला?" ती म्हणाली. "आज सगळीकडे तोडणी आहे, खून-सान. आणि सगळीकडे माझ्या काठ्या आहेत."

मी स्कूटर चालू करेपर्यंत ती बांधावरून पळतही सुटली होती.