मीठ घातलेला बर्फ

बर्फात मी मीठ घातलं. थर्मासमध्ये रक्ताने भरलेल्या काचेच्या नळ्या होत्या, भोवती ठेचलेला बर्फ होता, आणि त्यावर मी माझ्या या हातांनी खडेमीठ टाकलं. चांगलं मूठ-मूठ.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. आमच्याकडे सिकलसेलचे रोगी फार. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात आणि माणूस हाडाहाडांतून कण्हतो. आजार कुणाला आहे, हे आम्हाला सांगता यायचं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, वर थोडं रसायन, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा. पण हे जन्मलेल्या माणसाचं. पोटातल्या बाळाचं सांगायचं तर डीएनए बघावा लागे आणि ती सोय नुकतीच मुंबईत झाली होती.

त्या उन्हाळ्यात उमरेडहून एक जोडपं आलं. नवरा हातमागावर बसणारा. बायकोला दिवस गेलेले, तरी कडेवर पाच वर्षांची पोरगी, कारण पोरीचे पाय ठणकत होते. आजार तिलाच होता.

बाई म्हणाली, "दुसरं लेकरूबी असंच होईन का, एवढं सांगा. मंग काय कराचं ते मी ठरवीन."

मी उत्साहाने समजावायला बसलो. समोर विणकर, म्हणून डीएनए म्हणजे सूत असं धरून चाललो. आधी आई, बाप आणि आजारी लेकरू, तिघांचं रक्त मुंबईला न्यायचं. तिथे त्यातून ते सूत काढतील, ठरावीक जागी कापतील, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करतील आणि एक्स-रेच्या फिल्मवर त्यांचे पट्टे उमटवतील. तुमच्या घरची खोट त्या पट्ट्यांत ओळखू आली, तर बाईंनी मुंबईला जायचं, बाळाभोवतीचं पाणी तपासायला द्यायचं. आणि हे सगळं, गर्भ पाडायला कायदा जेवढी मुदत देतो, तिच्या आत.

नवऱ्याने नीट ऐकून घेतलं. "मंग ते खराब सूत बदलता येते का?"

"नाही."

"म्हंजे निस्तं पाहाचंच?"

"पाहायचंच."

"हे बरं हाय," तो म्हणाला. "आमी त उसवून पुन्हा विणतो गा."

मग रक्त घेतलं. पोरीच्या नसा दोऱ्यासारख्या, वॉर्डातल्या डॉक्टरांनी हात टेकलेल्या. मी एका टोचण्यात नळी भरली. पोरगी रडायचं विसरून म्हणाली, "झालं बी?" त्या दोन शब्दांनी मी इतका फुगलो की पुढचं सगळं त्या फुगण्यातच झालं.

साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "थंड ने, पण गोठू देऊ नको." मे महिना. दवाखान्याच्या फाटकाशी एक कुल्फीवाला बसायचा. अख्खं नागपूर भाजून निघायचं आणि त्याचा माठ दुपारभर गार. का, तर तो बर्फात मीठ टाकायचा. मीठ टाकलं की बर्फ जास्त थंड होतो, हे मला पदवीच्या पुस्तकातून ठाऊक होतं. जास्त म्हणजे किती, हा प्रश्न काही मला पडला नाही. त्याच्याच पिशवीतलं मीठ मागून आणलं. वर त्याला ऐटीत सांगितलंसुद्धा, की आज तुझं मीठ विज्ञानाच्या कामी येणार आहे.

गाडीत मांडीवर थर्मास घेऊन बसलो. वर्धा गेल्यावर समोरचा म्हणाला, "भाऊ, घोटभर थंडं पाणी द्या न."

"पाणी नाही. रक्त आहे."

समोरचा बाक रिकामा झाला. मी पाय लांब केले आणि मुंबईपर्यंत राजासारखा गेलो.

मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी झाकण उघडलं. आत गुलाबी चिखल होता. नळ्यांतलं रक्त गोठून फुगलं होतं आणि काचा तडकल्या होत्या. बाईंनी चिमट्याने एक तुकडा वर काढला, निथळू दिला.

"यात आई कुठली, बाप कुठला, मुलगी कुठली?"

बाईंनी तळाशी उरलेले मिठाचे खडे चिमट्याने ढवळले.

"मीठ का घातलंत?"

"कुल्फी राहते म्हणून," मी म्हणालो. खोटं सुचायलाही थोडी अक्कल लागते.

परत येऊन मी जोडप्याला जसं झालं तसं सांगितलं. नवरा "काहून? पण मीठ काहून?" एवढंच विचारत राहिला. बाई हसली. एकदाच, हुंकारासारखं. पुन्हा रक्त घ्यायचं म्हटलं, तर पोरीला दुखण्याचा मोठा झटका आला. ती वॉर्डात गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. तिच्या दंडाला हात लावायची कुणाची छाती होईना, माझी तर नाहीच. ती सावरल्यावर दुसऱ्या नळ्या गेल्या. या वेळी साहेबांनी स्वतः पाठवल्या, मला थर्मासला शिवू दिलं नाही. मग तिकडे फिल्म उमटण्याची वाट. शेवटी साहेबांच्या खोलीत ट्रंक कॉल आला. पट्टे अगदी स्वच्छ आलेत, खोट ओळखता येते, बाईंना पाठवा.

साहेबांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मुदत टळली होती. "आता पाठवून काय करायचं?" असं ते म्हणाले, मला नव्हे, कॅलेंडरला.

मुलगा झाला. गुटगुटीत, हसरा. पहिले काही महिने हा आजार लपून असतो. आईच्या पोटातून आणलेलं चांगलं रक्त बाळाला सांभाळून घेतं. हे मला माहीत होतं, तरी मी मनातल्या मनात त्याला सुटलेला धरलं. काय करणार, माझ्या सोयीचं तेच होतं.

थंडी सरताना ती दोघं पुन्हा आली. बाळाच्या हातांचे पंजे सुजून पुरीसारखे टम्म झाले होते आणि ते रडून रडून घसा बसल्याने नुसतं तोंड उघडत होतं. त्याची बहीण आईचा पदर धरून उभी होती. मला पाहून ती त्याला म्हणाली, "भिऊ नोको, हे भाऊ दुखू देत नाई."

मी त्याचं रक्त घेतलं. एका टोचण्यात. सूक्ष्मदर्शकाखाली विळेच विळे होते. तरी उगाच काचपट्टी सरकवत राहिलो, एखाद्या कोपऱ्यात काही वेगळं दिसेल म्हणून. मागे बाई उभी होती.

"हाय न?"

"आहे."

नवरा बाहेर निघून गेला. बाई हलली नाही. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर या. मी स्वतः लक्ष घालून सगळं..."

बाईने बाळाच्या टाचेवरचा कापूस काढून बघितला. रक्त थांबलं होतं.

"सुई तुमी चांगली टोचता, भाऊ," ती म्हणाली. "तेवढंच करत जा. बाकी तुमाले काई येत नाई."