पुसलेल्या दोन ओळी

दर्शना मयेकर हे नाव अमेरिकेत कोणाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आता तिथल्या एका बाईला ते माहीत आहे आणि ती ते जन्मात विसरणार नाही. ही हकीकत मी रागाने सांगतोय, हे आधीच सांगून ठेवतो. मी तापट आहे हे मांडवीत कोणीही सांगेल. पण हा राग स्वभावातला नाही, आणि तो उतरतही नाही.

माझं रत्नागिरीत मांडवीला लॉज आहे. अकरा खोल्या, खाली जेवणघर, वर गच्ची. दर्शना माझ्याकडे काउंटरवर नऊ वर्षं होती. मूळची पोफळीची. वडील कोयनेच्या वीजघरात कामाला, त्यामुळे कॉलनीतल्या शाळेत शिकली आणि इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी बरं. लग्न होऊन मांडवीत आली. नवरा संदेश मुंबईला नोकरीत, गणपती-शिमग्याला येणारा. एक मुलगी, सानवी.

या दर्शनाला एक खोड होती. गिऱ्हाइकाला खोलीचं कौतुक सांगायच्या आधी ती खोलीतलं वाईट सांगायची. "चार नंबरला मिरकरवाड्याच्या बंदराकडून वारा आला की मासळीचा वास येतो, चालेल का?" "सातला खिडकी नीट लागत नाही, आवाज होतो." बॅगा घेऊन आत आलेली माणसं पायरीवरूनच रिक्षेला हाक मारायची. मी तिच्यावर किती ओरडलो असेन त्याला हिशोब नाही. एकदा तर म्हटलं, बाई, तू माझ्याकडे कामाला आहेस की समोरच्या हॉटेलवाल्याकडे? त्यावर तिचं म्हणणं एवढंच, की खोलीत गेल्यावर कळण्यापेक्षा पायरीवर कळलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर जी माणसं राहायची, ती पुढच्या वर्षी पुन्हा यायची आणि चार नंबरच मागून घ्यायची. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे बोलून दाखवायची पद्धत नाही, ओरडायची आहे.

कोरोनात लॉज बंद पडलं आणि तिने घरबसल्या एक काम धरलं. पुण्यातली एक कंपनी, आणि तिचं गिऱ्हाईक अमेरिकेतली एक वेबसाइट. तिथे वाइनची द्राक्षं पिकणारे मुलूख आहेत, नापा, सोनोमा, ओरेगनच्या दऱ्या, न्यूयॉर्ककडची तळी. लोक तिथे वाइन चाखत हिंडतात. अशा लोकांनी राहावं कुठे, हे ती वेबसाइट सांगते. आणि ते लिहीत होतं कोण? तर मांडवीच्या घरात, तांदळाच्या पिंपाशेजारी टेबल टाकून बसलेली दर्शना, जिने वाइनचा थेंब कधी जिभेवर ठेवला नाही. वेबसाइटवर तिचं नाव नव्हतं. 'आमची तिथली जाणकार' असं छापायचे. तिथली! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

ती मला फोनवर त्या जागांचे फोटो दाखवायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वाइनच्या पिंपासारखी गोल खोली, आत उभं राहिलं तर डोकं आपटेल, आणि एका रात्रीचं भाडं माझ्या अकरा खोल्यांच्या आठवड्याच्या भाड्याएवढं. मळ्यात उघड्यावर न्हाण्याचा टब. आमची आई मागल्या दारी चुलाण्याशेजारी पाणी काढून द्यायची त्याला लोक गरिबी म्हणायचे. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

पण दर्शनाने तिथेही आपली रीत सोडली नाही. रोज सकाळी साडेसहाला ती तिकडे फोन लावायची. तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, पाहुणे जेवायला बाहेर पडलेले असतात आणि काउंटरवरचा माणूस मोकळा असतो. मालकाशी ती दोन मिनिटं बोलायची, कारण मालक साखरच पेरणार हे तिला माझ्यावरून माहीत होतं. मग खोल्या झाडणाऱ्या बाईला फोन द्या म्हणायची. जिने किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, वाइन पिऊन झाल्यावर गाडी न चालवता जेवायला कुठे जाता येईल, असं सगळं विचारायची. आणि शेवटचा प्रश्न ठरलेला. "वारा सुटला की लाईट जाते का?"

पुण्याची माणसं या प्रश्नावर खूप हसली. अमेरिकेत लाईट कशी जाईल? पण ही पोफळीत वाढलेली. जिथे अख्ख्या महाराष्ट्राची वीज बनते त्या गावात वारा सुटला की पहिल्यांदा अंधार होतो, हे तिने लहानपणी पाहिलेलं.

कॅलिफोर्नियात डोंगरावर सात खोल्यांची एक जागा होती. चहूबाजूंनी द्राक्षांचे मळे, वर जायला एकच रस्ता. तिथल्या झाडणाऱ्या बाईने सांगितलं, होय, जाते. शरद ऋतूत कोरडा वारा सुटला की ठिणगी पडून वणवा लागेल या भीतीने वीजकंपनी स्वतःच लाईट बंद करते. मग रस्त्याच्या तोंडाशी असलेलं विजेवर चालणारं फाटक उघडत नाही. हाताने उघडायची किल्ली असते, पण ती मॅनेजरकडे, आणि मॅनेजर झोपायला खाली गावात जातो. दर्शनाने त्या जागेबद्दल बरंच चांगलं लिहिलं, आणि खाली दोन ओळी लिहिल्या. वाऱ्याच्या दिवसांत लाईट जाते आणि फाटक अडकतं. आल्या आल्या किल्ली मागून आपल्याजवळ ठेवा.

या दोन ओळी दोन महिने वेबसाइटवर होत्या. मग त्या जागेच्या मालकाने तक्रार केली की हे वाचून लोक बुकिंग करत नाहीत. वेबसाइटवाल्यांनी पुण्याला कळवलं आणि पुण्याहून वेदिकाचा फोन आला. ही वेदिका दर्शनाची साहेब, वयाने हिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिचं बोलणं मोठं गोड. तुमचं लिखाण छान आहे, फक्त तेवढं निगेटिव्ह काढून टाका. दर्शना म्हणाली, त्यापेक्षा मालकाला सांगा, प्रत्येक खोलीत एक किल्ली टांगून ठेव, मग मीच ओळी काढते. किती साधी गोष्ट! एक खिळा आणि एक किल्ली. पण ते मालकाला सांगणं वेदिकाच्या कामात बसत नव्हतं. तीन दिवस वाद झाला. चौथ्या दिवशी वेदिकाने गोडच आवाजात सांगितलं की शुक्रवारपर्यंत ओळी निघाल्या नाहीत तर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल.

त्याच वर्षी संदेशची मुंबईतली कंपनी बंद पडली होती. सानवी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. घर दर्शनाच्या त्या टेबलावर चाललं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती लॉजवर आली. मी जेवणघरात भाजीवाल्याशी भांडत होतो, ते आटपेपर्यंत ती थांबली. मग सगळं सांगितलंन आणि म्हणाली, "काका, काय करू ते तुम्ही सांगा."

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "पुसून टाक."

ती म्हणाली, "पण मला माहीत हाय ना ओ."

"माहीत असलेलं सगळं सांगत सुटायला तू काय पंचांग आहेस? अमेरिका आहे ती. तिथे आग लागली तर आभाळातून पाणी ओततात. तुझ्या दोन ओळींवाचून कोणी मरत नाही. पोरीचं शिक्षण बघ."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने चहा घेतला नाही. घरी गेली आणि ओळी पुसल्या.

सप्टेंबरात रूथ नावाच्या एका बाईने वेबसाइटवर प्रश्न विचारला. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे, तिला दम लागतो, पटकन चालता येत नाही. वडील गेल्यापासून ती कुठे बाहेर पडली नाही. तिला त्या डोंगरावर चार दिवस न्यायचा विचार आहे. तिथे काही अडचण असेल तर मोकळेपणी सांगा. मोकळेपणी, असं तिने लिहिलं होतं. दर्शनाने तो प्रश्न वेदिकाला पाठवला आणि फाटकाचं हिला तरी सांगू द्या म्हणून विचारलं. उत्तर पुण्याहून तयार आलं. कसलीही अडचण नाही, आईला घेऊन निश्चिंत या. दर्शनाने ते तिथे चिकटवलं. या वेळी ती मला विचारायला आली नाही. मी काय सांगणार ते तिला आता ठाऊक होतं.

ऑक्टोबरात वारा सुटला. लाईट बंद झाली आणि दुपारी पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. सात खोल्यांतली माणसं चार गाड्यांत बसून खाली आली आणि फाटकाशी अडकली. फाटक उघडेना. मॅनेजर नेमका गावात गेलेला, फोन लागेना. पस्तीस मिनिटं ती माणसं धुरात उभी होती. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या माणसाने ट्रॅक्टर घालून फाटक तोडलं. जीव सगळ्यांचे वाचले. पण रूथची आई एकोणीस दिवस हॉस्पिटलात होती, आणि आता तिच्या नाकातली ऑक्सिजनची नळी निघायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

रूथने वेबसाइटला लिहिलं, मी विचारलं होतं, तुमच्या जाणकाराला हे माहीत नव्हतं का? वेबसाइटने पुण्याकडे बोट दाखवलं. पुण्याने काय करावं? वेदिकाने एक पत्र तयार करून दर्शनाला पाठवलं. त्यात लिहिलं होतं की या जागेच्या रस्त्याबद्दल वा फाटकाबद्दल आमच्याकडे कोणतीही माहिती नव्हती, झाल्या प्रकाराचा खेद वाटतो. एवढं तुमच्या मेलवरून पाठवा, म्हणजे विषय संपेल. वर असंही सांगितलं की दिवाळीनंतर तुमच्या पगाराचं बघू. चोराच्या उलट्या बोंबा आम्हाला नव्या नाहीत, पण चोराने बोंबा मारायला दुसऱ्याचं तोंड मागावं हे मी प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दर्शना आली. विचारायला नव्हे, वाचून दाखवायला. काउंटरपुढच्या बाकावर बसली आणि फोनवर लिहिलेलं पत्र मला मराठीत सांगत गेली. आवाज शांत होता. त्यानेच मला जास्त धडकी भरली.

"मला माहीत होतं. फाटकाचं मी लिहिलं होतं आणि मीच पुसलं. मला पुसायला सांगितलं गेलं, पण हात माझा होता. तुम्ही विचारलंत त्या दिवशीही मला माहीत होतं आणि मी अडचण नाही म्हणून कळवलं. मी तिथली नाही. मी तिथे कधी आलेले नाही. दर्शना संदेश मयेकर, मांडवी, रत्नागिरी."

मी म्हटलं, पाठवू नकोस, नोकरी जाईल. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "पाठवून आलेय."

संध्याकाळच्या आत तिचं कंपनीचं खातं बंद झालं. वेदिकाने फोनसुद्धा केला नाही.

आपल्याला वाटतं, खरं बोललं की समोरचा माणूस विरघळतो. रूथ विरघळली नाही. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. लोक म्हणतील मी तुमचे आभार मानावेत, पण मी मानणार नाही. माझी आई आता जिना चढू शकत नाही, आणि तुम्हाला एक वाक्य जड झालं. दर्शनाने मला ते वाचून दाखवलं तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, नोकरी घालवून हिने खरं सांगितलं आणि वर ही बाई हिलाच बोलते? दर्शना म्हणाली, "बरोबर हाय तिचं." तिच्या चेहऱ्यावर मी इतका राग कधी पाहिला नव्हता, आणि तो रूथवर नव्हता.

पत्राच्या शेवटी रूथने एक गोष्ट मागितली होती. ती वकिलाकडे जाणार होती. त्या ओळी पुसा म्हणून कोणी कोणी सांगितलं, त्या सगळ्यांची नावं मला लिहून पाठवा.

दर्शनाने यादी केली होती. कंपनीचं नाव, वेदिकाचं नाव आणि तिसरं स्वतःचं. मी यादी दोनदा वाचली. काउंटरच्या या बाजूला उभा राहून मी विचारलं, माझं कुठे आहे?

ती म्हणाली, "तुमचं कशाला, काका? तुम्ही घरचे."

मी ओरडलो. इतका ओरडलो की तीन नंबरमधली माणसं दार उघडून बाहेर आली. लिही म्हटलं माझं नाव, बाबू सुर्वे, मांडवी, लॉजचा पत्ता लिही. गुरुवारी माझ्याच जेवणघरात बसून मी तुला सांगितलं, तेही लिही. वेदिकाला तू नाही म्हणू शकत होतीस, वेदिकाचं तू तीन दिवस ऐकलं नव्हतंस. माझं ऐकलंस. एका वाक्यात ऐकलंस.

ती उठली, पदर सारखा केला आणि पिशवी घेतली. काका, बीपीची गोळी घेतलात काय, एवढं विचारलंन आणि पायऱ्या उतरून गेली. यादी त्याच दिवशी रूथला गेली. तिच्यात माझं नाव नाही.