उजवी पाकळी

उगाळलेल्या चंदनाचा गंध दरवळला की आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडातला देव कामाला लागे. आत्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या गंधाने एकेक पाकळी चिकटवून कौल लावी. उजवी आधी गळली, तर होकार. विश्वाचा तो पालनकर्ता रोज प्रेमाने आमची भाजीसुद्धा निवडून देई.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला मी जावे का, हेही त्यालाच विचारले गेले. आदल्या दिवशी गोळीबार झाला होता, म्हणून आत्याने उजव्या पाकळीला गंध सढळ हाताने थापले. देवालाही कधीकधी मार्गदर्शन लागते.

“त्याची इच्छा,” ती निश्चिंतपणे म्हणाली.

गंधाने जड झालेली उजवीच आधी घसरली.

 आत्या उरलेले गंध माझ्या कपाळी टेकवून दारात म्हणाली, “ये.”