तिन्ही वाटांनी गेलेला अर्ज

चिंचवडच्या घरी मुलगी सकाळी परत आली, तेव्हा तिच्या बॅगेवर परदेशी प्रशिक्षणाचा बिल्ला तसाच होता. चाकणच्या तिच्या कंपनीने तिला धाडले होते. परंतु मुंबईहून उडताच विमानाचे एक इंजिन फुटले आणि विमान माघारी उतरवावे लागले. कंपनीने त्याच आठवड्याचे दुसरे तिकीट काढले.

मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत असले तरी माझा मसुदा वकीलसुद्धा बदलत नाहीत. मुलगी झोपली असताना मी तिचा पिता या नात्याने कंपनीस अर्ज केला, की कन्येस विमानाने पाठवू नये. महत्त्वाचा अर्ज तीन वाटांनी पाठवणे ही माझी पद्धत आहे. एक प्रत टपालाने गेली, दुसरी कंपनीच्या बसचालकाच्या हाती, तिसरी ई-मेलने.

संध्याकाळी मी तिला विचारले, "एवढ्या मोठ्या यंत्राला एकाच इंजिनाचा भरवसा?"

"एकाचा नाही, पप्पा. दुसरं इंजिन चालूच होतं. भीती वेगळी असते. इंजिनातली चकती फुटली, की तुकडे आवरण फोडून गोळीसारखे सुटतात. म्हणून पंखांवरच्या झडपा हलवायच्या तेलाच्या दाबाच्या यंत्रणा तीन ठेवतात आणि त्यांच्या नळ्या वेगवेगळ्या बाजूंनी नेतात. एकाच तुकड्यानं तिन्ही कापल्या जाऊ नयेत."

"मग कापल्या गेल्या की नाही?"

"दोन गेल्या. एका जागी त्या एकमेकींच्या जवळून जात होत्या. उतरल्यावर वैमानिकानं सांगितलं."

"जवळून कोणी नेल्या? त्याला जाब विचारला का?"

"चौकशी चालू आहे. तिसरी उरली, तिच्यावर उतरलो." ती खिडकीकडे वळली. "भीती मलाही वाटते. पण आत्ता विमानात बसले नाही, तर पुन्हा कधी बसणार नाही."

मी उठलो. बसचालकाला फोन लावला.

"भाऊ, ते पाकीट परत आणा."

"काय राव, सकाळी तर आग लागल्यागत दिलंत! बरं, आणतो."

टपाल कार्यालयात पोहोचलो, तर पिशवी रवाना झालेली. ई-मेल तर केव्हाच पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या साहेबांचा फोन आला. तिने ऐकले, माझ्याकडे पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुम्हीच बोला. अर्ज तुमचा आहे."

"साहेब," मी म्हणालो, "तो अर्ज रद्द समजावा. मुलगी जाईल."

"लेखी द्या," ते म्हणाले.

ती आत बॅग भरू लागली. मी कागद घेऊन बसलो. 'कन्येस विमानाने पाठविण्यास माझी हरकत नाही' हे एक वाक्य. दुसऱ्यांसाठी अशी वाक्ये मी चहा थंड व्हायच्या आत लिहितो. त्या सकाळी तीनदा उठून पाणी प्यालो, आणि 'हरकत' या शब्दाच्या पुढे पेन जाईना.